गेटवरच्या वकीलबाई आणि लिंबाची कलमं

"वहिनी, मागे बघू नका. पाय उचला," असं म्हणून वन्सं दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून अशा सटकल्या, की त्यांच्या मागून जाताना फायलींची पिशवी बंपरला अडकली आणि मीच मागे राहिले.

आमची रिक्षा केव्हाच मागे पडली होती. रस्ता ट्रकांनी गच्च. रिक्षावाल्यानं हात जोडले होते, "ताई, इथून पुढे रिक्षा उडाली तरच जाईल." मग आम्ही उतरलो आणि चालायला लागलो, त्यालाही आता बराच वेळ झाला होता. तरी सीमेवरचं गेट दिसायचं नाव घेत नव्हतं. एका बाजूला ट्रकांची रांग, दुसऱ्या बाजूला तापलेला लोखंडी कठडा, आणि मधे एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. कुणी ट्रकच्या सावलीत आडवा झालेला, कुणी आरशात बघून दाढी करत बसलेला. पण वन्संना बघितलं की आडवे झालेलेही उठून बसत होते.

"बाई, आज कुणाचं अडकलंय?" एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"लिंबाच्या कलमांचा ट्रक. कुठे लावलाय, पाहिलास का?"

"तो होय! गेटाच्या डाव्या हाताला, भिंतीला लागून. तिथे सावलीचा पत्ता नाही हो."

हे ऐकलं आणि वन्संनी चाल आणखी वाढवली. याहून भरभर माणसाला चालता येत नसेल असा माझा समज होता, तो तिथेच संपला.

वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. वकील आहेत. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर पक्षकाराची वाट बघणाऱ्या वकील नाहीत. आपल्या बाजूच्या छोट्या व्यापाऱ्यांचा माल शेजारच्या देशात जातो, तिकडचा इकडे येतो. त्यात कुठे अडलं, कुणी कराराला फिरलं, गेटवर कुणी माल रोखला, की हे लोक वन्संकडे येतात. मी त्यांच्या ऑफिसात फायली लावते, फोन घेते, आणि असा प्रसंग आला की पिशवी धरून मागून पळते. लग्न होऊन आले तेव्हा एवढंच ठाऊक होतं की नणंद शिकलेली आहे. इतकी पळवणारी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ऑफिसचं दार उघडते न उघडते तोच फोन वाजला. पलीकडून रोपवाटिकेचे मालक बोलत होते. बोलत कसले, रडत होते. मी फोन वन्संच्या हातात दिला.

झालं होतं ते असं. सीमेपलीकडे बागायतदारांची एक संस्था आहे. त्यांनी पहिल्यांदाच आपल्या बाजूकडून लिंबाची कलमं मागवली होती. रोपवाल्यांनी तीन वर्षं त्यासाठी झाडं वाढवली, घरची जमीन त्यातच गुंतवली. माल बंद ट्रकमध्ये भरला, तेव्हा आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी दाराला तार ओवून वर सील ठोकलं. हे सील पलीकडच्या अधिकाऱ्यांनी तोडायचं, मधे कुणी नाही. मधे तुटलं तर माल संशयाचा, ट्रक माघारी, आणि पाठवणाऱ्याचं नाव या गेटवरून कायमचं बाद. आणि आता गेटवर ट्रक उभा होता, सील तुटलेलं होतं. बंद पत्र्याच्या आत कलमं उकडत होती. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत काही झालं नाही, तर कलमंही जाणार होती आणि त्या माणसाचा धंदाही.

चालता चालताच वन्संचा फोन वाजला. पलीकडचे वकील. हे एक म्हातारे गृहस्थ, खरखरीत आवाजाचे. आपला वकील तिकडच्या कोर्टात उभा राहू शकत नाही आणि तिकडचा इकडे नाही, म्हणून गेली कित्येक वर्षं ही दोघं फोनवरच भांडतात. एका कामात एकमेकांच्या बाजूचे, दुसऱ्या कामात विरुद्ध. आज विरुद्ध होते.

वन्संनी फोन स्पीकरवर टाकला, कारण कानाला धरला तर चालता येत नाही.

"बाई, माझे पक्षकार म्हणतात, सील तुटलेला माल आम्हाला नको."

"त्यांना जमिनीत काय लावायचंय काका, कलमं की सील?"

तिकडे हसता हसता खोकला लागला. "मला विचाराल तर कलमं. पण तुमच्या गेटच्या साहेबांचा शब्द पाहिजे, नवं सील पाहिजे, आणि आज पाहिजे. उद्या त्यांची सभा आहे. दुसरीकडून घ्यायचं ठरवून मोकळे होतील. मग मी त्यांचाच वकील, तुमच्याशी भांडेन."

"भांडा की. गुडघा कसा आहे?"

"तुम्ही भांडलात की बरा असतो."

फोन बंद. मी धापा टाकत म्हटलं, "वन्सं, ते आपल्या बाजूचे की विरुद्ध?"

"कामाला विरुद्ध, मनानं बाजूचे. तुम्ही चाला."

चालता चालता या बाईंची हकीगत सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही गेटवर जन्मलीच. तसं म्हटलं तर जन्मलीच. माझे सासरे याच रस्त्याला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. पत्र्याची शेड, आत ताडपत्र्यांचे ढीग, आणि शिवून होईपर्यंत चहा पीत बसलेले ड्रायव्हर. वन्संचं बालपण त्यांची रडगाणी ऐकण्यात गेलं. मिरच्या अडकल्या, काच अडकली, दहा दिवस उभे, कुणी वाली नाही. मोठे वकील शहरात, गेटपर्यंत कोण येतो? वन्सं वकिली शिकल्या, शहरात एका नामांकित वकिलाकडे राहिल्या, आणि एक दिवस बॅग घेऊन परत आल्या. शेडमध्ये ताडपत्र्या सरकवून एक टेबल टाकलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "काळा कोट घालून ताडपत्रीच्या ढिगावर बसते ही. हिला स्थळ कुठून येणार? ट्रकमधून?" वन्संनी उत्तर दिलं, "आलं तर सील बघून घे आई." स्थळं आली नाहीत असं नाही. पण यांना फाईल मिटून माणूस बघायला वेळ कधी मिळाला नाही, आणि त्याची खंतही कधी दिसली नाही.

त्यांची एक पद्धत आहे. मालाला स्वतःचा हात लागल्याशिवाय त्या वकीलपत्र घेत नाहीत. मिरचीच्या पोत्यात हात घालून दिवसभर शिंकल्या आहेत. एकदा शिंपल्याच्या बटणांचा माल अडला होता. शिंपला म्हणजे समुद्रातला जीव, म्हणून मासळी खात्याचा दाखला आणा असा अधिकाऱ्यांचा हट्ट. वन्संनी त्यातली नमुन्याची बटणं घरी आणली, स्वतःच्या सदऱ्याला टाचून दुसऱ्या दिवशी गेटवर गेल्या आणि साहेबांपुढे उभ्या राहून विचारलं, "साहेब, मी गळ्यापासून खालपर्यंत मासे लावलेत का?" माल सुटला. साहेबांनी नंतर शर्टाला तीच बटणं लावली, हेही सांगितलं पाहिजे.

तर आम्ही गेटपाशी पोचलो. मी घामानं निथळत होते. वन्संनी मात्र बॅगेतून कोट काढून वरून चढवला आणि सरळ भिंतीकडे वळल्या. तिथे तो ट्रक उभा होता. ऊन पत्र्यावरून डोळ्यांत घुसत होतं. ड्रायव्हर चाकाशी उकिडवा, शेजारी माल सोडवून देणारा एजंट, आणि दाराला पाठ टेकून रोपवाले. उंच, काटक माणूस, हाताच्या बोटांना कायमची मातीची रेघ. आम्हाला बघताच त्यांनी डोळे पुसले.

वन्संनी बोलण्याआधी पत्र्यावर पंजा टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. मग दाराच्या फटीला नाक लावलं. आज मालाला हात लावता येणार नव्हता, वासावरच भागवायचं होतं. मग त्यांनी सील बघितलं, आणि बघतच राहिल्या.

मीही वाकून बघितलं. तार मधोमध कापलेली होती. पण कापलेली दोन टोकं नीट एकमेकांना जुळवून, वरून प्लॅस्टिकची पांढरी पट्टी गुंडाळली होती. घट्ट, सुबक, शेवटी बारीक गाठ. कलम करताना फांदीला बांधतात ना, अगदी तशी.

"दादा," वन्सं हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही बांधलंत?"

रोपवाल्यांनी मान खाली घातली. "काल दुपारभर रांग हलली नाही. मी मोटरसायकलवर मागेच होतो. पानं तापली की वास येतो बाई, आपल्याला तो कळतो. मला राहवेना. कलमाचा चाकू खिशातच असतो. तार कापली, पाणी घातलं, आणि... उघडं कसं ठेवायचं? म्हणून बांधलं."

सरकारी सीलावर त्या माणसानं कलम बांधलं होतं! हसावं की रडावं कळेना.

एजंट पुढे सरसावला. "बाई, टेन्शन घेऊ नका. सगळं जमवलंय. ट्रक खड्ड्यात आपटला, सील तुटलं. ड्रायव्हर सांगेल."

"मी?" ड्रायव्हर उठून उभा राहिला. "मी कशाला सांगू? माझी गाडी खड्ड्यात जात नाही."

"आणि ही पट्टी?" वन्संनी विचारलं. "ती पण खड्ड्यानं बांधली?"

ड्रायव्हर खो खो हसला. एजंट चिडला. "मग पट्टी काढून टाकू की! कोण बघतंय?" असं म्हणून त्यानं हात पुढे केला. वन्संनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही."

"बाई, तुम्ही खरं सांगाल, ट्रक माघारी जाईल. मी सांगेन तसं सांगा, तासाभरात सुटेल."

रोपवाले एकदा एजंटकडे, एकदा वन्संकडे बघत होते. मग ट्रककडे बघून म्हणाले, "बाई, मी खोटं बोलणारा माणूस नाही. पण आत माझी झाडं मरताहेत. खोट्यानं सुटत असतील तर..."

"सुटतीलही," वन्सं म्हणाल्या. "आजचा ट्रक सुटेल. पण दादा, मला या गेटवर उद्याही यायचंय. इथले साहेब माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात, म्हणून तुमच्यासारख्या लोकांचा माल सुटतो. तो विश्वास मी लिंबासाठीही मोडणार नाही आणि सोन्यासाठीही. तुम्ही ठरवा. तुमच्या वतीनं मी बोलू, की हे?"

मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मागणं काय मागायचं तेही सुचलं नाही, नुसतं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा रोपवाले म्हणत होते, "तुम्हीच बोला."

गेटचे मोठे साहेब जेवायला बसणार होते. डबा उघडलेला, चष्मा कपाळावर. वन्संना दारात बघून त्यांनी डबा बंद केला.

"तुम्ही आलात म्हणजे माझं जेवण गेलं."

"जेवा साहेब, मी उभी राहते."

"तुम्ही उभ्या असताना घास उतरेल का? बोला. त्या लिंबाच्या ट्रकचं सील तुटलंय, त्यासाठीच ना?"

"सील तुटलेलं नाही साहेब."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "नाही?"

"तोडलंय. माझ्या पक्षकारानं. स्वतःच्या चाकूनं."

दारात उभ्या असलेल्या एजंटनं भिंतीला डोकं टेकवलं. साहेब म्हणाले, "इतकी वर्षं या खुर्चीत बसतोय. सील वाऱ्यानं तुटतं, उंदरानं तुटतं, एकदा तर माकडानं तोडलं होतं. मालकानं तोडलं, हे आज पहिल्यांदा ऐकतोय."

"मग बघायला चला."

साहेब आले. वाकले. पट्टी बघितली, गाठ बघितली. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "हे काय आहे?"

"कलम बांधलंय साहेब," रोपवाले काकुळतीला येऊन म्हणाले. "उघडं राहू नये म्हणून."

"सीलाला पालवी फुटेल असं वाटलं का तुम्हाला?"

आजूबाजूला जमलेले ड्रायव्हर, हमाल, शिपाई सगळे हसत सुटले. रोपवालेसुद्धा रडता रडता हसले. वन्संनी ती संधी सोडली नाही. "चोर असता साहेब, तर त्यानं नवं नकली सील लावलं असतं. तेही लावता आलं नसतं तर पळून गेला असता. या माणसानं जखम बांधावी तसं बांधलं आणि दाराशी बसून राहिला."

साहेब पुन्हा गंभीर झाले. "हसू आलं म्हणून चूक पुसली जात नाही बाई. आत काय ठेवलंय, काय काढलंय, मला काय माहीत? मी ट्रक माघारी पाठवतो."

"पाठवू नका. तपासा. एकूण एक कलम उतरवून तपासा."

झडती म्हटली की गेटवरचा प्रत्येक व्यापारी गयावया करतो. माल अंगणात काढला की त्याची दशा होते, वेळ जातो, सामान फुटतं. आणि इथे वकीलच झडती मागत होती! एजंट माझ्या कानाशी कुजबुजला, "तुमच्या बाई उन्हानं बिघडल्या का?" मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

"माझ्याकडे माणसं कमी आहेत," साहेब म्हणाले.

"मी आत्ता अर्ज देते. तपासल्याशिवाय संशय म्हणजे नुसतं वाटणं, आणि वाटण्यावर कुणाचा धंदा बंद करता येत नाही. आणि साहेब, जिवंत माल तपासणीला उतरवला, की तपासणी होईपर्यंत तो जिवंत ठेवणं तुमच्या खात्याकडे. सावली आणि पाणी. तुमचाच नियम आहे."

साहेबांनी वन्संकडे रोखून बघितलं. त्यांना कळलं होतं. मलाही तेव्हा कळलं. रोपवाल्याला पाणी घालायला मनाई होती. झडतीत सरकार स्वतः पाणी घालणार होतं.

"तो नियम गुरांसाठी केलाय."

"केला असेल. लिहिताना सगळ्या जिवंत मालासाठी लिहिलाय. झाड जिवंत नसतं असं तुम्ही म्हणत असाल, तर तसं लिहून द्या. ते मी वरच्या कोर्टात फ्रेम करून लावीन."

साहेब रोपवाल्यांकडे वळले. "ही बाई तुम्हाला कुठे सापडली हो?" मग मागे ओरडले, "दार उघडा! शेडखाली जागा करा!"

मग जे काही झालं ते लिहिताना अजून माझा हात भरभर चालतोय. पट्टी पुरावा म्हणून जपून काढली, दार उघडलं, आणि आतून गरम वाफेचा लोट आला. कलमं उतरायला लागली. काळ्या पिशव्यांतली, कंबरेएवढी, पानं माना टाकलेली. शेडच्या सावलीत ओळीनं ठेवू लागले. गेटवर एकच नळ, तोही बारीक. ते बघून रांगेतल्या ड्रायव्हरांनी आपापल्या ट्रकमधले पाण्याचे कॅन काढले. ज्यानं आम्हाला वाटेत रस्ता सांगितला होता, तोही दोन कॅन घेऊन पळत आला. रांग तर हलत नव्हतीच, त्यांना काय!

रोपवाल्यांना मात्र जवळ यायला बंदी. आरोप त्यांच्यावर, म्हणून दोरीच्या पलीकडे उभं केलेलं. त्यांचा जीव तिथे थाऱ्यावर नव्हता. "बुडाशी घाला! अहो बुडाशी! पानांवर नको!" शिपाई ऐकत होते. "हळू! ते पोर आहे हो, मान धरून काय उचलताय!" शिपाई पुन्हा ऐकत होते. साहेब लोखंडी सळईनं मातीच्या गोळ्यात काही लपवलंय का ते तपासत होते. प्रत्येक वेळी सळई मातीत शिरली की इकडे रोपवाले "आई गं" करत होते. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्हाला टोचत नाहीये हो!" पण त्यानंतर सळई हळू शिरू लागली, हे मी बघितलं.

आणि अचानक आतून एक शिपाई ओरडला, "साहेब! सापडलं!"

सगळे हात थांबले. शिपायानं ट्रकच्या पार आतल्या कोपऱ्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. वन्संचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता, पांढराफटक. त्या रोपवाल्यांकडे बघत होत्या. मालाला हात न लावता वकीलपत्र घेतलं होतं ना आज. साहेबांनी फडकं सोडलं. आत होता एक चष्मा.

"अरे देवा!" रोपवाले दोरीवर रेललेच. "काल पाणी घालताना काढून ठेवला होता! कालपासून शोधतोय!"

"म्हणजे सील तुम्ही चष्म्याशिवाय बांधलंत?" साहेबांनी विचारलं.

"गाठीला डोळे लागत नाहीत साहेब."

मग मात्र साहेब मोकळेपणी हसले. वन्सं शेडच्या खांबाला टेकल्या आणि कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा पुढच्या ओळीतल्या पानांनी मान उचलली होती. लिंबाच्या पानांचा वास सगळ्या गेटवर पसरला, डिझेललाही दबवून. काही सापडलं नाही. साहेबांनी दंड लावला, ताकीद दिली, आणि चुकीच्या सगळ्या हकीगतीसकट आपला शेरा लिहिला. वन्संनी पलीकडच्या वकिलांना फोन लावून साहेबांच्या हातात दिला. दोघं बराच वेळ बोलले. आम्ही दूर उभे, जीव टांगणीला. रोपवाले कलमांच्या ओळींकडे बघत होते.

साहेबांनी फोन ठेवला. "ते घेतात म्हणाले. नवं सील लावतो, ट्रक पहिला सोडतो. पण त्यांची एक अट आहे आणि माझीही तीच आहे. एकदा सील मोडलेला माल एकटा जाणार नाही. पाठवणाऱ्याच्या बाजूचा एक माणूस बागेपर्यंत बरोबर पाहिजे. वाटेत काही झालं तर उत्तर त्यानं द्यायचं, सही त्याची."

"मी जातो," रोपवाले लगेच म्हणाले.

"तुम्ही तर अजिबात नाही. तुमच्या खिशात चाकू असतो."

एजंटनं घसा खाकरला. साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले, "खड्डेवाले नकोत." कुणी सांगितलं कोण जाणे, पण गेटवर भिंतींना कान असतात. ड्रायव्हर ट्रकमालकाचा, तो चालत नाही. रोपवाल्यांचं घर दूर, तिथून कुणी गेट बंद व्हायच्या आत पोचणं शक्य नव्हतं.

"मग बाई, तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"वकिलानं आपल्या पक्षकाराला जामीन राहू नये साहेब. उद्या यावर काही वाद झाला तर मी बोलायची की साक्ष द्यायची?"

नव्या सीलाची तार ओवायला शिपाई तयार उभा होता. कलमं परत आत चढत होती. सूर्य गेटाच्या कमानीवर टेकत आला होता. वन्सं माझ्याकडे वळल्या. मला हाताला धरून जरा बाजूला, पाण्याच्या रिकाम्या कॅनांपाशी घेऊन गेल्या. आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की त्या दमल्या आहेत. पायांतले बूट मातीनं भरले होते, कोटाच्या बाहीला ओली पानं चिकटली होती.

मी लग्न होऊन आले ते या गेटापासून हाकेच्या अंतरावर. रोज त्या कमानीखालून ट्रक जाताना बघितले, पण पलीकडे पाऊल म्हणून टाकलेलं नाही. घरी मुलांचं जेवण, नवरा सात वाजता दारात. आणि सही माझी. वाटेत काही झालं तर उत्तर द्यायचं मी, जिला सोसायटीच्या सभेत बोलायला सांगितलं तरी घाम फुटतो.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "आजवर तुम्हाला मी ही फाईल आणा, ती पिशवी धरा, असंच सांगत आले. हे तसं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं काही बघेन, रागावणार नाही. घरचं मी सांभाळते, भावाला मी सांगते, मुलांना मी वाढते. गेटवरचा उद्या संध्याकाळपर्यंतचा पास खिडकीवर आत्ता मिळेल. तिकडे पोचलात की पलीकडचे काका स्वतः थांबलेले असतील, त्यांनी शब्द दिलाय. पण ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी कुणीतरी असं बसायला हवं, ज्याच्या सहीवर साहेबांनी, काकांनी आणि मीही डोळे झाकून विश्वास ठेवावा. मला दुसरं कुणी दिसत नाही. जाल का माझ्यासाठी, कलमांबरोबर?"